निळ्या गाडीचं तेल

आईच्या डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दोन दिवसांनी मी सकाळी दवाखान्यातून घरी आले, तर निकमकाका अंगणात उकिडवे बसून निळ्या गाडीच्या मागच्या चाकांना विटा लावत होते. अंगात जुना बनियन, कमरेला पंचा, चष्मा पडू नये म्हणून मागून नाडी बांधलेली. शेजारी वर्तमानपत्रं पसरली होती आणि त्यावर बोल्ट खोलायचे पाने, एक जुनी परात, लांब नळीचं नरसाळं, तेलाचे डबे आणि खोक्यातून काढलेला एक चपटा फिल्टर ओळीने मांडून ठेवला होता. सत्यनारायणाची मांडणी असावी इतकं नीटनेटकं.

"शर्वरी, चहा झाला की थोडा वेळ देशील का मला?" ते म्हणाले.

"गाडीला काय झालं?"

"काही झालं नाही. होऊ नये म्हणून."

ही गोष्ट आता बरीच जुनी झाली. पण त्या सकाळचा तो तेलाचा करपट वास अजून माझ्या नाकात आहे.

निकमकाका म्हणजे आईचे दुसरे यजमान. बाबा गेले तेव्हा आई बावन्न वर्षांची होती. साताऱ्यातल्या आमच्या शाहूपुरीतल्या घरात ती एकटी, आणि मी नोकरीसाठी बंगळुरूला. सकाळी अजिंक्यताऱ्यावर चालायला जाणाऱ्या मंडळींमध्ये तिची आणि निकमकाकांची ओळख झाली. आईचा गुडघा तेव्हाच कुरकुरायला लागला होता. बाकीचे गप्पा मारत पुढे निघून जायचे, हे एकटे मागे राहायचे. पाटबंधारे खात्यात त्यांनी जन्मभर धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढले होते. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. आईने हे सगळं मला फोनवर इतक्या वेळा आणि इतक्या सहज सांगितलं की लग्नाचा विषय शेवटी मीच काढला. नातेवाइकांनी नाकं मुरडली तेव्हा त्यांच्याशी भांडलेही मीच. रजिस्टर लग्नाला साक्षीदार म्हणून सही केली ती मीच.

आणि तरीही लग्नानंतर पहिल्यांदा घरी आले तेव्हा जेवणाच्या टेबलाशी बाबांच्या जागेवर ते बसलेले पाहून मी ताट अर्धवट ठेवून उठले. त्यांचं काहीच चुकत नव्हतं. ते हळू बोलायचे, पंखा लावण्याआधी विचारायचे, स्वतःचा कप स्वतः विसळायचे. पण लग्नाआधी मी त्यांना बिनदिक्कत 'निकमकाका' म्हणायची, ते आता तोंडातून निघत नव्हतं. दुसरं काही म्हणणं शक्यच नव्हतं. म्हणून मी त्यांना काहीच म्हणत नसे. समोर जाऊन उभी राहायची आणि मग बोलायला सुरुवात करायची.

गाडी बाबांची होती. खरं तर आईसाठी घेतलेली. आई कोरेगावच्या शाळेत शिकवायची आणि रोज गाडीने जायची. क्लच दाबून दाबून डावा गुडघा सुजायला लागला, तेव्हा बाबांनी कुठून तरी शोधून ही जुनी ऑटोमॅटिक आणली. क्लच नसलेली गाडी म्हणजे काय ते पाहायला तेव्हा गल्लीतली माणसं आली होती. बाबा बँकेत होते, पण रविवार त्यांचा गाडीखाली जायचा. गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर तर ते दुसऱ्या कुणाला बदलूच देत नसत. म्हणायचे, ही साधी गाडी नाही, हिचे गिअर तेलावर चालतात. तेल बिघडलं की हिचा स्वभाव बिघडतो.

ते गेल्यावर गिअरबॉक्सकडे कुणी पाहिलं नाही. आईने इंजिनाचं तेल कोपऱ्यावरच्या गॅरेजात बदलून घेतलं, बाकी गाडी चालत होती तशी चालवली. आता मात्र पहिल्या गिअरवरून दुसऱ्यावर जाताना गाडी क्षणभर अडखळायची आणि मग मानेला हिसका बसेल अशी पुढे जायची. आणि आईने डॉक्टरांना ऑपरेशनच्या आधीच सांगून ठेवलं होतं की घरी जाईन ती माझ्याच गाडीतून, मला रुग्णवाहिका बिग्णवाहिका नको.

"त्या हिसक्यात तिचा गुडघा घरी आणायचा म्हणजे..." निकमकाका म्हणाले.

"मग गॅरेजला द्या ना."

"गॅरेजवाले हात लावायला तयार नाहीत. म्हणतात, इतकी वर्षं जुन्या तेलावर चालली आहे, आता नवं घातलं तर गिअर धरायचीच नाही. आहे तशी चालवा, नाहीतर विका."

"आणि खरंच नाही धरला गिअर तर?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "ती भीती मलाही आहे. पण वाचलं त्यावरून वाटतं, होईल नीट. फक्त एक अडचण आहे. माझी पाठ. खाली झोपून काम करणं मला जमायचं नाही. तू खाली जाशील? मी वरून सांगत जातो."

मला नाही म्हणायचं होतं. बाबांच्या गाडीला हात लावायचा, तोही यांच्या सांगण्यावरून, हे मनाला रुचेना. पण दवाखान्यात आई वेदनेने ओठ घट्ट मिटून पडली होती ते डोळ्यांसमोर होतं. मी आत जाऊन जुना पंजाबी ड्रेस चढवून आले.

आधी तेल गरम व्हायला हवं, म्हणजे ते पातळ होऊन नीट निथळतं. म्हणून विटा काढून मी गाडी गोडोलीपर्यंत नेऊन आणली. ते शेजारी बसले होते. चढावर हिसका बसला तेव्हा त्यांचा डावा पाय आपोआप नसलेला क्लच शोधायला गेला, आणि ते स्वतःशीच ओशाळं हसले. परत आल्यावर जॅक लावून पुढची बाजू उचलली, खाली आधाराला लोखंडी घोड्या दिल्या, मागे पुन्हा विटा ठोकल्या. निकमकाकांनी गाडीला दोन्ही हातांनी गदागदा हलवून पाहिलं. मग थांबून पुन्हा एकदा हलवलं.

"आता जा," ते म्हणाले. "पण चेहरा एका बाजूला ठेव. तेल गरम आहे."

मी गोणपाटावर आडवी झाले आणि सरकत आत गेले.

गिअरबॉक्सच्या तळाला एक पसरट पत्र्याचा ट्रे असतो. त्यात तेल साठतं आणि त्याच्याच वर आत फिल्टर बसवलेला असतो. ट्रेच्या कडेने सगळीकडे बोल्ट असतात. टॉर्च मारला आणि माझा हात तिथेच थांबला. प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावर पांढऱ्या रंगाचा एक बारीक ठिपका होता. धुळीने मळलेला, पण स्पष्ट.

ते बाबांचं काम. घरातला पंखा असो, माझी सायकल असो, बोल्ट आवळून झाला की ते त्यावर पांढरा ठिपका द्यायचे. ठिपका दिला म्हणजे हा झाला, आता त्याची काळजी नाही. मी लहान असताना ब्रश माझ्या हातात द्यायचे आणि मी जीभ बाहेर काढून ठिपके द्यायची.

"काय गं, सापडले का बोल्ट?" वरून आवाज आला.

"हो."

"सावकाश होऊ दे. घाई नाही."

मी पाना लावला. पहिला बोल्ट हलेना. दुसऱ्यांदा जोर केला तेव्हा कर्र आवाज करून तो फिरला आणि ठिपक्याला तडा गेला. त्यानंतरचे बोल्ट सोपे गेले. निकमकाका सांगत होते त्याप्रमाणे एका बाजूचे आधी पूर्ण काढायचे, समोरचे नुसते सैल करायचे, म्हणजे ट्रे तिरका होऊन तेल एका कडेने परातीत पडतं. सांगताना त्यांना सगळं तोंडपाठ होतं. पण त्यांनी आयुष्यात स्कूटरचा प्लगसुद्धा कधी बदलला नव्हता, हे आईने मला पूर्वीच सांगितलेलं होतं. त्यामुळे आम्ही दोघेही तितकेच घाबरलेलो होतो.

तेल यायला लागलं. नवं असताना ते लाल असतं, कुंकवाच्या पाण्यासारखं. हे चहाच्या चोथ्यासारखं काळपट होतं आणि त्याला करपल्याचा वास होता. धार बारीक झाली असं वाटून मी उरलेला एक बोल्ट काढायला घेतला, आणि इतका वेळ दुसऱ्या कडेला चिकटून राहिलेला ट्रे अचानक सुटून माझ्या अंगाकडे कलंडला.

"काका, धरा!"

त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत आत आले आणि ट्रे अधांतरी धरला गेला. गरम तेल त्यांच्या मनगटांवरून खाली ओघळलं. ते हूं की चूं न करता तसेच धरून राहिले. मी बोल्ट काढला, ट्रे दोघांनी मिळून परातीत टेकवला, आणि मी बाहेर सरकून आले. त्यांचे हात लाल झाले होते. मी नळाखाली धरायला लावले.

"भाजलं का फार?"

"नाही गं. चटका आहे नुसता." ते हातांवरून पाणी सोडत होते, पण चेहरा उजळला होता. आपण नुसतं 'काका' म्हणालो, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मग ते म्हणाले, "आता ट्रेमध्ये काय आहे ते बघायचं. बारीक राखेसारखा चुरा असला तर ठीक. ती झीज असते. कपचे, तुकडे असले तर मात्र गिअरबॉक्स गेला समजायचं."

आम्ही ट्रे उन्हात आणला. तळाशी कोपऱ्यात लोहचुंबक बसवलेले असतात. गिअर झिजून जो लोखंडाचा चुरा तेलात मिसळतो, तो ते धरून ठेवतात, म्हणजे तो पुन्हा फिरून गिअरना खात नाही. काकांनी बोटाने चाचपलं. दोन चौकोनी चुंबक होते, त्यांवर मऊ, करड्या गाळाचा थर. तुकडा एकही नव्हता. त्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

"हे तिसरं काय आहे?" ते म्हणाले.

दुसऱ्या कोपऱ्यात एक गाळाचा गोळा होता. त्यांनी तो उचलला, फडक्याने पुसला, आणि आतून एक काळी जाड कडी निघाली. "हा कंपनीचा नाही. हा कुणीतरी टाकलेला आहे."

मी ती कडी हातात घेतली. एका बाजूला टवका उडालेला होता.

आमचं हे घर बांधत होते तेव्हा मी सहा-सात वर्षांची असेन. माझ्या हातून घरातला टेपरेकॉर्डर पडून फुटला होता आणि मी रडून रडून हैराण झाले होते. बाबांनी त्याचा स्पीकर खोलला, आतला हा गोल चुंबक काढला आणि दोरी बांधून मला दिला. मग मी ती सगळी सुट्टी अंगणातल्या वाळूच्या ढिगाऱ्यात तो फिरवत काढली. वाळूतून बाहेर काढला की त्याला काळ्या चुऱ्याची दाढी फुटलेली असायची. तो चुरा मी औषधाच्या बाटलीत भरून ठेवायची. एकदा पायरीवर आपटून त्याचा टवका उडाला. पुढे तो कुठे गेला, मला आठवतही नव्हतं.

हे सगळं मी काकांना सांगितलं. सांगता सांगता माझा आवाज कधी गेला ते कळलं नाही. मी अंगणात मांडी घालून, काळे हात मांडीवर ठेवून रडत होते. बाबा गेले तेव्हा माणसं, फोन, विधी यांच्या धांदलीत मला असं रडता आलं नव्हतं.

काका जवळ आले नाहीत. पाठीवरून हात फिरवला नाही. परातीच्या पलीकडे तसेच बसून राहिले, ट्रेच्या कडेला चिकटलेलं जुनं गॅस्केट, तेल गळू नये म्हणून लावतात ती पट्टी, नखाने हळूहळू खरवडत. माझं रडणं ओसरल्यावर म्हणाले, "हा ठेव तुझ्यापाशी. ही वस्तू तुझी आहे."

मी चुंबक पुसून स्वच्छ केला. फडक्यावर निघालेला गाळ पाहिला. बाकीच्या दोन चुंबकांवर मिळून जितका होता, त्याहून जास्त या एकट्यावर होता.

"परत जागेवर ठेवला तर चालेल?" मी विचारलं.

"चालेल की. पण तुला हवा असेल..."

"नको. आतच असू दे."

ट्रेच्या कोपऱ्यात तो बसत होता तिथे पत्र्यावर गोल डाग उमटला होता. त्यावर मी तो ठेवला. टक् असा आवाज होऊन तो चिकटला.

त्यानंतर मी पुन्हा खाली गेले. जुना फिल्टर ओढून काढला, नवा दाबून बसवला. ट्रेला नवं गॅस्केट लावून आम्ही दोघांनी तो वर धरला आणि मी बोल्ट एकेक करून हाताने फिरवले, मग पान्याने समोरासमोरचे आवळत गेले. काका सांगत होते, अति आवळू नकोस, आटे जातील. शेवटचा बोल्ट झाला तेव्हा त्यांचा हात आत आला. हातात कागदावरची चूक पुसायच्या पांढऱ्या शाईची छोटी बाटली होती, ऑफिसात असते ती.

"हे घे. ठिपके राहिलेत."

मी बाटली घेतली, झाकण उघडलं, आणि मग थांबले. गाडीखालूनच विचारलं, "तुम्हाला कसं माहीत ठिपके होते ते?"

त्यांचे पाय तेवढे दिसत होते.

"महिन्यापूर्वी मी खाली गेलो होतो," ते शेवटी म्हणाले. "तुझी आई शाळेतल्या बाईंकडे गेली होती तेव्हा. म्हटलं, ती यायच्या आत करून टाकू. पानासुद्धा लावला होता. मग टॉर्च मारला आणि ते ठिपके दिसले."

"पण तुमची पाठ..."

"पाठीला काही झालेलं नाही माझ्या. आणि कोरेगाव रस्त्यावरचा एक गॅरेजवाला करायला तयार होता. तेही तुला खोटंच सांगितलं." ते थांबले. "एका माणसाने आपल्या बायकोसाठी ते इतक्या मायेने आवळून ठेवलेले. मी या घरात त्यांच्या खुर्चीवर बसतो, त्यांच्या कपाटात माझे शर्ट आहेत. त्याला इलाज नाही. पण ते बोल्ट मला काढवेनात. म्हटलं, काढायचे तर त्यांच्या मुलीने काढावेत. मी पाने द्यायला बसेन."

मी एकेका बोल्टावर ठिपका देत गेले. आडवं पडून वरच्या बाजूला देताना काही ठिपके मोठे झाले, एक तर ओघळलाच.

नवं तेल घालताना आम्ही परातीतलं जुनं मोजून तितकंच घातलं. मला वाटत होतं, आत आणखी जागा असणार. काका म्हणाले, खोललं तरी निम्म्याहून अधिक जुनं तेल आतच राहतं, आणि ते तसंच राहू द्यायचं असतं. "सगळं उपसून काढलं की बिघडतं. गॅरेजवाले घाबरतात ते त्यालाच. नव्याने जुन्यात मिसळून जायचं, बस." बोलून झाल्यावर त्यांना कसंसंच झालं असावं. नरसाळं धुवायच्या निमित्ताने ते नळाकडे गेले.

गाडी खाली उतरवली, मागच्या विटा काढल्या. मी आत बसून इंजिन चालू केलं, ब्रेकवर पाय ठेवून दांडा एकेका गिअरमध्ये फिरवला, काकांनी पट्टी ओढून तेलाची पातळी पाहिली. मग फाटक उघडलं. मी गिअर टाकला आणि ब्रेक सोडला. गाडी जागची हलली नाही.

काका फाटकाशी उभे होते, एक हात फाटकावर. मी पाय उचलून तशीच बसून राहिले. मग आतून एक हलका धक्का जाणवला, जणू कुणी झोपेतून कुशीवर वळावं, आणि गाडी आपणहून पुढे सरकली. मी कोपऱ्यापर्यंत गेले, वळले, चढाने वर आले. दुसरा गिअर कधी पडला ते समजलंही नाही. परत आले तेव्हा काका अजून तसेच फाटक धरून उभे होते. मी काच खाली करून म्हटलं, "बसा काका." ते बसले, आणि आम्ही काही कारण नसताना आणखी एक फेरी मारून आलो.

दुसऱ्या दिवशी आईला घरी सोडलं. वॉर्डबॉयने आणि काकांनी मिळून तिला पुढच्या सीटवर बसवलं, पायाखाली उशी दिली. काका वॉकर मांडीवर घेऊन मागे बसले. मी गाडी काढली. आई दरवाज्याची मूठ घट्ट पकडून, हिसक्याची वाट पाहत बसली होती. पोवई नाका गेला, पुढचा चढ गेला, तेव्हा तिने मूठ सोडली.

"कुणी केलं हे?" तिने विचारलं.

"शर्वरीने," मागून उत्तर आलं.

"दोघांनी," मी म्हटलं.

आईने माझ्या हातांकडे पाहिलं. नखांतला काळेपणा निघाला नव्हता, आणि बोटावर पांढऱ्या शाईचा डाग होता. ती खिडकीबाहेर बघायला लागली आणि म्हणाली, "विनायक असते तर..." आणि एकदम गप्प झाली. लग्न झाल्यापासून तिने बाबांचं नाव काकांच्या देखत कधी घेतलं नव्हतं. नवऱ्याला वाईट वाटेल म्हणून त्यांच्यासमोर नाही, आणि मुलीला वाईट वाटेल म्हणून माझ्यासमोर नाही. मग घ्यायचं तरी कुणासमोर?

काका मागून म्हणाले, "बोला ना, शैलजा. असते तर काय म्हणाले असते?"

आईने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "म्हणाले असते, ठिपके वाकडे आलेत," ती म्हणाली आणि हसायला लागली, आणि हसता हसता पदराने डोळे पुसायला लागली. मग ती बोलत राहिली. ही गाडी आणली तेव्हा तिला चालवायला शिकवताना बाबा कसे स्वतःच गोंधळले होते, कोरेगावच्या रस्त्यावर गाडी बंद पडली तेव्हा शाळेच्या पोरांनी ती कशी ढकलली, गाडीखाली गेले की तिकडूनच ते चहा कसा मागायचे. मी यातलं बरंचसं ऐकलेलं होतं. काकांनी काहीच ऐकलेलं नव्हतं. ते मध्ये मध्ये विचारत होते, मग काय झालं, मग पोरं काय म्हणाली.

घर आलं. मी गाडी फाटकातून आत घेतली, दांडा पुढे सरकवून उभी केली. इंजिन बंद करायला हात पुढे नेला आणि मागे घेतला. आईची गोष्ट संपायची होती. काका दोन्ही सीटच्या मधून पुढे झुकून ऐकत होते. आम्ही तिघे तसेच बसून राहिलो.